रेणूच्या चित्रातला मी

आमच्या नगरपालिकेत घरात कोण राहतं हे घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या चित्रावरून ठरतं, आणि यंदा रेणूच्या चित्रात मी नव्हतो.

रेणू माझी मुलगी, वय साडेतीन. चित्रात तिची आई वृंदा होती, कुकर होता, शेजारची शेळीसुद्धा होती. वृंदाचे पाय थेट डोक्यातून निघाले होते. या वयात ते तसेच निघतात, हे मी चित्रकलेचा शिक्षक म्हणून बावीस वर्षं पालकांना समजावत आलोय. घरी मात्र माझे हात शिवशिवायचे. रेणूनं माणूस काढला, की मी पेन्सिलीनं त्याला मान आणि पोट जोडून द्यायचो. वर तारीख टाकून सहीही करायचो.

नोटीस आली. आठ दिवसांत घर सोडायचं होतं. मी नगरपालिकेच्या कुटुंब शाखेत गेलो.

"शेळी राहते आणि मी नाही?" मी तिथल्या टेकाडेबाईंना विचारलं.

"शेळीचे पाय आम्ही मोजून घेतलेत, सर. फेरचित्र मिळेल. पण मुलीला सांगायचं नाही, सुचवायचं नाही. खाकरायचंसुद्धा नाही."

फेरचित्र त्यांच्याच टेबलावर झालं. रेणू खुर्चीवर गुडघे टेकून बसली. जांभळ्या तेलखडूनं तिनं मोठा गोल काढला. टोकं जुळली नाहीत. माझा उजवा हात पुढे निघाला, तो मी डाव्यानं धरून ठेवला. मग गोलातून अकरा रेघा निघाल्या.

"हा बाबाचा हात," रेणू म्हणाली.

"आणि बाकीचा बाबा?" बाईंनी नियमाप्रमाणे विचारलं.

"तो शाळेत असतो."

बाईंनी नोंद केली: हात एक, बोटं अकरा. "अभिनंदन, सर. काहींचा नुसता चष्मा येतो."

तेव्हापासून मी नियमानं राहतो. शाळा सुटली की घराबाहेरच्या ओट्यावर बसतो आणि खिडकीच्या गजांतून हात घरात ठेवतो. वृंदा त्यावर पोळीची गुंडाळी ठेवते. सहा बोटं कमी भरतात, त्यासाठी मुदत मिळाली आहे.

काल हातात जाड खडू आला. मी तो तीन बोटांत धरला, वर्गात शिकवतो तसा.

"नाही रे बाबा, असा धरायचा." रेणूनं माझी बोटं एकेक करून मिटली, मूठ केली आणि ती कागदावर फिरवायला लागली.

"काय काढतोय आपण?" मी बाहेरून विचारलं.

"काढून झालं की कळेल," ती म्हणाली.