रत्नागिरीची हवा

आमच्या मोठेबाबांना कोणाच्याही घरी न्या, ते आधी कुलरच्या मागे जातात. यजमान "या, बसा" म्हणत असतो, पाण्याचा गिलास पुढे केलेला असतो, आणि हे गृहस्थ कुलर आणि भिंत यांच्या फटीत अर्धे शिरलेले. मागच्या जाळीत भरलेल्या गवताला हात लावून बघतात, पाणी सगळीकडे सारखं झिरपतं की नाही ते बघतात, मग पुढे येऊन खिशातून लोकरीचा लाल धागा काढतात आणि कुलरसमोर धरतात. धागा आडवा उडाला तर चहा घेतात. लोंबकळला, तर पुढचा पाऊण तास त्या घरात दुसरा विषय निघत नाही.

"समोरची खिडकी उघडा," ते म्हणतात. "येनाऱ्या हवेचं सारेच पाह्यतात, जानारीचं कोनी पाह्यत नाई. हवेले जायले रस्ता पाह्यजे."

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. घाटंजीत बाजाराच्या रस्त्याला त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळलेली मोटर आणून द्यायची, ते आतली काळी तार उपसून नवी तांब्याची तार भरून देतात. हिवाळ्यात शेतातले पंप येतात, उन्हाळ्यात कुलरच्या मोटरी. पंपांवर पोट चालतं, जीव मात्र कुलरमध्ये. होळी झाली की दुसऱ्या दिवसापासून ते गल्लीत निघतात, कोणी बोलावो न बोलावो.

एकदा ओळखीत मयत झाली म्हणून आम्ही सगळे गेलो. एप्रिलची दुपार. खोलीत बायका रडत होत्या आणि गडबडीत कोणीतरी कुलर भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. मोठेबाबांनी आधी तो फिरवला, पाणी बघितलं, समोरची खिडकी उघडली, आणि मग प्रेताच्या पायाशी बसून असे रडले की घरच्यांनाच त्यांना आवरावं लागलं. गावात मोठेबाबांना भाऊ म्हणतात. ते लोक अजून सांगतात, गेला तो गेला, पण भाऊंमुळे दुपार निभली.

त्यांची बायको, म्हणजे आमची मोठीआई, लग्नातली गोष्ट सांगते. अंतरपाट खाली आला, हिनं लाजत वर पाहिलं, तर नवरदेव मांडवातल्या पंख्याकडे बघून राहिलेला. पंखा उलटा फिरत होता म्हणे. त्या दोघांना मूलबाळ नाही हे मला सहावीत गेल्यावर समजलं. तोवर मला वाटायचं मी त्यांचीच आहे, फक्त झोपायला शेजारी आईबाबांकडे जाते.

तर हे असे मोठेबाबा, आणि माझी बारावी झाली.

मला मासे शिकायचे होते. गावात हे सांगितलं की लोक हसायचे. मासे खायचे असतात, फार तर पकडायचे असतात, ते शिकायचे काय? पण आमच्या शेततळ्यात बाबांनी एका वर्षी मत्स्यबीज सोडलं होतं आणि ते महिनाभरात सगळं मेलं. पांढरी पोटं वर करून तरंगत होतं. काहून मेलं, हे घाटंजीत एकालाही सांगता आलं नाही. ते माझ्या डोक्यात बसलं. त्याचं कॉलेज रत्नागिरीला आहे, आणि माझे मार्क बघता पहिल्या पसंतीला रत्नागिरी टाकली तर नंबर लागेल, असं सगळे सांगत होते.

बाबांनी ऐकून घेतलं आणि नेहमीचं उत्तर दिलं. दादा म्हणेल तसं. आमच्या घरात बाबा मोठेबाबांच्या शब्दाबाहेर नाहीत. मी दुकानात गेले आणि सांगितलं. मोठेबाबांनी हातातली मोटर खाली ठेवली आणि एकच गोष्ट विचारली, "तिथं कुलर चालते का?"

मला काय माहीत? त्यांनी बँकेतल्या साहेबांना विचारलं. हे साहेब चिपळूणचे, बदलीवर घाटंजीला आलेले, एकटेच राहायचे. साहेबांनी समजावून सांगितलं की समुद्राकाठी हवेतच पाणी भरलेलं असतं, तिथे कुलर लावला तर गारवा येत नाही, नुसतं अंग चिकट होतं. मोठेबाबांना हा आपला अपमान वाटला. कुलर चालत नाही असं गाव नसते, माणसाले लावता येत नाही, असं ते चार दिवस दुकानात येईल त्याला सांगत होते. पाचव्या दिवशी त्यांनी मला निकाल दिला. त्यांनी बनवलेला कुलर रत्नागिरीच्या हवेत चालला, तर पोरगी जाईल. नाही चालला, तर यवतमाळ आहे, अमरावती आहे, कॉलेजं काही कमी नाहीत.

म्हणजे माझं सगळं आयुष्य एका लोखंडी डब्यावर येऊन ठेपलं. माझ्या मैत्रिणी त्या मे महिन्यात नवीन ड्रेस शिवून घेत होत्या, मोबाइलवर होस्टेलचे फोटो बघत होत्या. मी मोठेबाबांच्या हाताखाली पत्रा धरून उभी. त्यांनी पंख्याची पाती बदलली, गवत तीनदा बदललं, पाण्याचा पंप बारीक केला. मी मनातल्या मनात चिंतामणी गणपतीला नवस बोलले. कळंबला पायी येईन, म्हटलं, पण एवढा कुलर चालू दे.

नवतपा लागला. रोहिणीतले ते नऊ दिवस आमच्याकडे असे तापतात की कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. त्यातल्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, मोठेबाबांनी आमच्या मधल्या खोलीत रत्नागिरी तयार केली. खिडक्यांना गोधड्या लावल्या. दोरीवर ओल्या चादरी टाकल्या. मोठीआईकडून दोन मोठाले पितळी गंज भरून पाणी उकळून आणलं आणि खोलीत झाकण काढून ठेवलं. दार बंद केलं. आत बाबा, मी, मोठेबाबा, आणि परीक्षक म्हणून चिपळूणचे साहेब.

साहेबांचा चष्मा लगेच धुरकटला. त्यांनी तो काढून पुसला, एकदा लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "हो. असंच असतं. आमच्याकडे मे महिन्यात अगदी असंच."

मोठेबाबांनी बटण दाबलं. कुलर सुरू झाला आणि दोन मिनिटांत आम्ही इडलीसारखे उकडायला लागलो. बाबा आधी पळाले, त्यांच्यामागे मी. मोठेबाबा धागा धरून पंचवीस मिनिटं बसले. सगळ्यांत गंमत म्हणजे साहेब बाहेर यायला तयार नव्हते. मी थोडा वेळ बसतो, म्हणाले. मोठेबाबा बाहेर आले तरी ते त्या वाफेत मांडी घालून बसून होते, आणि निघताना त्यांनी मोठीआईला विचारलं, परत कधी करणार असाल तर मला कळवाल का?

मोठेबाबांचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. ते ओट्यावर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाई चालत." आणि दुकानात निघून गेले.

फॉर्मची शेवटची तारीख बारा दिवसांवर होती. दोन दिवस मी थांबले. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी तडक दुकानात गेले. बाबा तिथेच बसले होते. मी त्यांच्यादेखत बोलले.

"तुमी सारी जिंदगी या दुकानात काढली. घर सोडून एक रात तरी बाहेर राह्यले का? तुमाले काय मालूम, जानं काय असते ते."

मोठेबाबांचा तार गुंडाळता हात थांबला. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता कानाखाली बसते, असं मला वाटलं. पण मोठेबाबांचा हात पुन्हा सुरू झाला. मी घरी आले. तासभर मला फार शूर वाटलं, आणि त्यानंतर इतकं वाईट वाटलं की मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मोठेबाबा गावात नव्हते. तांब्याची तार आणायला नागपूरला जातो म्हणून मोठीआईला सांगून गेले होते. पिशवीत दोन बनियन, टॉवेल आणि टेस्टर. फोन बंद. नागपूरला जाऊन लोक संध्याकाळी परत येतात. एक दिवस गेला, दोन गेले. मोठीआई उंबऱ्यावरून हलेना. मला तर माझं ते वाक्य राहून राहून आठवायचं.

सातव्या दिवशी सकाळी ते यवतमाळच्या एसटीतून उतरले. चेहरा रापलेला, चपलेत वाळू. ओट्यावर बसले, तांब्याभर पाणी प्यायले.

"रत्नागिरीहून आलो," ते म्हणाले.

मोठीआई आधी रडली, मग तिनं त्यांना अशा शिव्या दिल्या की अख्खी गल्ली जमली. मोठेबाबा शांतपणे अहवाल देत होते. यवतमाळहून ट्रॅव्हल्सनं पुणे, पुण्याहून एसटी. मुलींच्या होस्टेलच्या आत कोणी जाऊ देत नाही, पण फाटकाशी उभं राहता येतं. दुपारी चारला समुद्रावरून वारा सुटतो. धागा आडवा उडते. तिथं कुलरचं कामच नाही, देवानंच लावून ठेवला हाय. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फॉर्म भर. खोली दुसऱ्या मजल्यावरची घेजो, समुद्राच्या बाजूची."

पोरीच्या कॉलेजची हवा बघायला भाऊ दोन दिवस जायला आणि दोन दिवस यायला गाडीत बसले, ही गोष्ट घाटंजीच्या बाजारात महिनाभर पुरली. मीही ती कितीदा तरी हसत हसत सांगितली.

ऑगस्टात बाबा मला रत्नागिरीला होस्टेलवर सोडून गेले. खोली दुसऱ्या मजल्यावर मिळाली. आणि सांगायला लाज कशाला, तिसऱ्या दिवशी मी बॅग भरली. सगळं ओलं. कपडे ओले, उशी ओली, वही ओली. मी "मले" म्हटलं की खोलीतल्या मुली गालात हसायच्या. जेवताना घास फिरायचा. घरी फोन केला की मी "मस्त चाललंय" म्हणायचे आणि फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन रडायचे. त्या दिवशी दुपारी मुली क्लासला गेल्यावर मी बॅग घेऊन फाटकाशी आले आणि वॉचमनकाकांना विचारलं, पुण्याची एसटी किती वाजता असते?

माझं बोलणं ऐकून त्यांनी मान तिरपी केली. "यवतमाळकडची काय तू? जूनमध्ये एक गृहस्थ आले होते तुमच्याकडचे. हातात लाल धागा."

ते माझे मोठेबाबा, मी म्हटलं.

काकांनी स्टूल पुढे केलं. ते सांगायला लागले, की हा माणूस दोन दिवस या बाकावर बसून होता. धागा धरून झाला अर्ध्या तासात. मला वाटलं, आता विचारेल जेवण कसं, बंदोबस्त कसा. सगळे तेच विचारतात. ह्यांनी विचारलं, इथल्या पोरी रडतात का? म्हटलं, रडतात की. किती दिवस? म्हटलं, आठ-दहा दिवस, मग सुट्टीतसुद्धा जायला नको म्हणतात. मग म्हणाले, परत निघून गेलेली कोणी आहे का? म्हटलं, असते वर्षाला एखादी. तर म्हणाले, तिचं पुढं काय होते? आता ते मला कसं माहीत असणार, बाय?

मी तिथूनच फोन लावला. मोठेबाबा दुकानात होते.

"तुमी हवा पाहाले नव्हते आले इथं," मी म्हटलं. बॅग भरून फाटकाशी उभी आहे, रोज रडते, तेही सांगून टाकलं.

त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं असावं, कारण रस्त्याचा आवाज कमी झाला.

"मी अठरा वर्सांचा होतो," ते म्हणाले. "नागपूरले आयटीआयले नंबर लागलता. अकरा दिवसांत वापस आलो. घरी सांगितलं, खोलीत लय उकडते, हवा येत नाई. सारे मानले. तुह्या बापालेबी तेच मालूम हाय."

"मंग काय झालतं?"

"करमत नव्हतं, माय. दुसरं काई नाई. तवापासून उकडते उकडते म्हनून राह्यलो."

दुकानात मी त्यांना काय बोलले होते, ते त्यांनाही आठवत असेल, मलाही आठवत होतं. मी त्यासाठी माफी मागायला लागले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"रड तू. पोटभर रड. पन येऊ नको. मी आलतो वापस. घरी आल्यावर करमन, असं वाटलं होतं मले. नाई करमलं. अजून डोळ्यासमोर आयटीआयचं ते वर्कशॉप येते."

मी फोन ठेवला, डोळे पुसले. वॉचमनकाका सांगत होते की पुण्याची गाडी साडेतीनला आहे, आत्ता निघालीस तर मिळेल. मी त्यांना म्हटलं, नको काका, चारला माझं प्रॅक्टिकल आहे. बॅग उचलली आणि जिना चढून वर गेले.