आप्पांच्या विजेची चोरी

हे मी कुणाला सांगायचं नाही असं ठरलं आहे. आप्पांनी मला तसं बजावलं आहे, आणि त्याच्या आधी आईनंही बजावलं होतं. (दोघांना वेगवेगळ्या गोष्टी लपवायच्या होत्या, गोष्ट मात्र एकच निघाली.) मी घरात फारशी बोलत नाही, म्हणून सगळे मलाच बजावतात. लिहायचं नाही, असं कुणी म्हणालेलं नाही.

आमचे आप्पा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन तासगावला आले, पण पहाऱ्यावरून काही उतरले नाहीत. दूधवाला माप घालतो तेव्हा त्यांची नजर दुधावर नसते, दूधवाल्याच्या अंगठ्यावर असते. विजेचं मीटर तर घरात सगळे झोपले की पळत सुटतं, असा त्यांचा पक्का संशय. शेवटी यंदा संक्रांतीला त्यांनी जाहीर केलं, "बास झालं! आता आपली वीज आपणच करायची. गच्चीवर सोलर बसवतोय."

"खर्च किती पडंल?" आईनं विचारलं.

"कसला खर्च? बसवायचं काय ते एकदाच. ऊन फुकट हाय!"

आई पुढे बोलली नाही. आई बोलायची थांबली की सावध व्हायचं असतं, हे पलटणीत शिकवत नसावेत.

शिवरात्रीच्या सुमारास गच्चीभर निळी पॅनेलं बसली. दिवसभरात किती वीज तयार झाली ते मोबाइलवर आलेखात दिसायचं, अगदी डोंगरासारखं: सकाळी चढण, दुपारी शिखर, संध्याकाळी उतार. आप्पा तो डोंगर गल्लीभर दाखवत फिरले. सगळ्यात जास्त शेजारच्या आकारामकाकांना. काकांची पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीच्या ओट्यावर दोघांचा सकाळचा चहा माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे.

होळी झाली आणि एके दिवशी डोंगराचं शिखरच गेलं. ऐन दुपारी कुणी घास घ्यावा तसा खड्डा! दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आप्पांनी चष्मा पुसला आणि भिंतीपलीकडच्या गिरणीकडे बघितलं. गिरणी घरघरत होती.

"आकाराम माझी वीज ओढतोय," जेवताना ते हळूच म्हणाले.

आईच्या हातातली कुरडई ताटाबाहेर पडली. "आवं, काय तरीच! त्यो कशाला ओढंल?"

"भिंतीतनं वायर घातलीया त्यानं. आणखी एक कुरडई दे. औंदा लय खुसखुशीत झाल्यात."

आईनं दोन वाढल्या आणि माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं. मी भातात मान घातली.

दुसऱ्या दिवशी आप्पा चहाला गेले नाहीत. काका वाट बघून दोन पेले घेऊन आमच्या दारात आले. "हवालदार, आज आला न्हाई?"

"साखर सोडलीया."

"मग बिनसाखरेचा करून आणतो की."

"चहाबी सोडलाय."

काका दोन्ही पेले घेऊन परत गेले. दोन्ही भरलेले होते.

त्यानंतर रोज दुपारी आप्पा अंगणात खुर्ची टाकून पहारा देऊ लागले. तोंड गिरणीकडे, पाठ आमच्याच जिन्याकडे. (गुडघा दुखतो म्हणून ते जिना चढत नाहीत. शत्रू वरून येत नाही, असंही त्यांचं म्हणणं.) आठवड्यात वायर काही सापडली नाही, त्यामुळे काका फारच पोचलेले चोर आहेत, याची त्यांना खात्री पटली. त्यांनी सोलरवाल्यांना फोन केला, "चोरी धरायला माणूस पाठवा."

माणूस आला नाही, मॅडम आल्या. भर दुपारी. आप्पांनी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "आकाराम! चल वर. जे काय व्हायचं ते तुझ्यासमोरच हुंदे!"

काका पिठानं पांढरे झालेले, तसेच आले. आप्पा गुडघा धरून एकेक पायरी चढले. वर पोचले आणि थांबले.

गच्चीवर निळं काहीच दिसत नव्हतं. पॅनेलांवर आईच्या जुन्या साड्या ताणून चिमटे लावले होते. साड्यांवर कुरड्या, खालच्या रांगेत पापड्या, पलीकडे सांडगे. मध्ये आई सोऱ्या फिरवत होती, काकांच्या चंद्राकाकू कुरड्या उलटत होत्या, आणि चिकाचं पातेलं धरून मी उभी होते.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"कुरड्या. चीक खाता का? गरम हाय," आई म्हणाली.

आप्पांनी साडीचं टोक उचलून खालचं पॅनेल बघितलं. "अगं, पर ह्याच्यावर कशाला?"

"मग कुठं घालू? सगळी गच्ची तुमी आडवली. सांगणारच व्हते, पर गहू भिजत पडलं व्हतं. अर्ध्यात कसं सोडू?"

"गावभर बेदाणा शेडात सावलीला वाळतोय की!"

"कुरडई म्हंजे द्राक्ष न्हवं. आन् ऊन फुकट म्हणाला न्हवं का? आवं, ते ऊन आधी माझं व्हतं."

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "चोरी झाली आहे, साहेब. पण मुद्देमाल बराचसा तुम्हीच खाल्लेला दिसतोय."

काका मात्र हसले नाहीत. "म्हंजे हवालदार, चहा ह्याच्यापायी सोडला व्हय?"

आप्पांनी गुडघ्याकडे बघितलं, सांडग्यांकडे बघितलं, आणि पॅनेलाला सांगावं तसं म्हणाले, "उद्या... जरा साखर जास्त घाल."

"घालतो की!" काकांचा चेहरा पिठातूनही उजळला. "पर एक अट हाय. वाळवण माझ्या गच्चीवर घालायचं, आन् कावळ्यांवर पहारा तुमी द्यायचा. तुमच्यासारखी नजर गल्लीत कुणाची हाय?"

तेव्हापासून आमची वीज फुकट आहे. आप्पा रोज दुपारी शेजारच्या गच्चीवर छत्री आणि काठी घेऊन बसतात, आणि रात्री आई त्यांच्या गुडघ्याला तेल लावते. हे गल्लीत कळू द्यायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. (चंद्राकाकूंना बजावायचं राहिलं.)

आज आप्पा दुपारच्याही चहाला खाली गेले आहेत आणि काठी माझ्या हातात आहे. टाकीच्या सावलीत बसून हे लिहिते आहे. एवढा वेळ झाला, कावळ्याचा आवाजसुद्धा नाही, म्हणजे माझीही नजर आप्पांसारखीच तीक्ष्ण असली पाहिजे, कारण

"रेश्मे! ए रेश्मे! कागदातनं डोकं काढ! माझ्या निम्म्या पापड्या न्हेऊन कावळं आपल्या सोलरवर जेवाय बसल्यात!"