वाक्याची जात विचारणारे केशवपंत

केशवपंतांचा इंग्रजीचा वर्ग मी कारस्थान करून बळकावला. ठाण्याच्या आमच्या शाळेत मी हेडमास्तरांच्या कानाशी लागलो, "साहेब, पंत शिकवीत नाहीत, तमाशा करतात. डिप्टीसाहेब तपासणीला आले तर शाळेची शोभा होईल." वर्ग मला मिळाला. पंतांकडे धुळाक्षरे गिरवणारी पोरे आली. हे माझे पाप. आता पंत हा माणूस कसा होता, ते सांगतो.

पंत कोणाचे कुशल विचारीत नसत. त्याच्या वाक्याची जात विचारीत. इंग्रजीत वाक्ये चार जातींची: विधान, प्रश्न, आज्ञा, उद्गार. जगात पाचवी जात नाही, असे ते शपथेवर सांगत. एकदा नौपाड्यात आम्ही दोघे जात असता कळव्याच्या भाजीवालीने हटकले, "वांगी घेतंस का रं दादा?"

"प्रश्न. उत्तम!"

"घेतंस तं घे, नाय तं वाट सोर."

"आज्ञा. अत्युत्तम!"

"अगो बाय, कसला येरा बामन हाय ह्यो!"

स्वतःला वेडा म्हटलेले ऐकूनही पंतांनी खूश होऊन पंचाभर वांगी घेतली. मला म्हणाले, "मास्तर, बाईने उभ्याउभ्या तीन जाती साधल्या. तुमच्या पोरांना वर्षात एक तरी साधेल का?"

ते मला झोंबले, कारण खरे होते. पंतांच्या वर्गात एका रांगेने तासभर नुसते विचारायचे, दुसरीने नुसते सांगायचे. आज्ञेच्या रांगेसाठी तर मारामारी, कारण तिला पंतांनाही हुकूम सोडता येई. "स्टँड अप, सर!" म्हटले की पंत पगडी सावरीत उभे! भिंतीपलीकडून ते हसणे ऐकू आले की मी माझ्या पोरांवर उगाच छडी चालवी.

वर्ग हाती येताच मी तशाच रांगा केल्या. कोणी काही विचारीना. "विचारा की गाढवांनो!" मी ओरडलो. मुले जमिनीकडे पाहू लागली.

तेव्हा युक्ती काढून घ्यायला मी पंतांच्या घरी गेलो. घरात ते एकटेच, चुलीवर पिठले ढवळीत होते.

"पंत, पोरांना बोलते कसे करता हो?"

त्यांनी पिठले उतरवले. मग म्हणाले, "मास्तर, वडीलधाऱ्यांदेखत बायकोशी बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. बोललो ते एवढेच, पाणी आण, पंचा दे. वडीलधारी गेली, म्हटले आता बोलू. तर तीच गेली. तिला काय आवडत होते, ते मी कधी विचारलेच नाही. पोरांना तरी विचारायची लाज वाटू नये, एवढेच पाहतो."

माझी बायको घरी हयात होती. तरीही त्या क्षणी मला पंतांचा हेवाच वाटला. इतके झुरण्याएवढी माया मी कोणावर केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना खरे सांगून वर्ग पंतांना परत देवविला. मग पंत धुळाक्षरे शिकवीत होते त्या वर्गात गेलो. वयाने मी वडील, तरी त्या चिमुरड्या पोरांदेखत त्यांच्या पायांना हात लावला.

"पंत, मी तुमच्यावर जळत होतो, म्हणून खोटे बोललो. मला क्षमा करा."