जागा सोडू नक्को

गेल्या महिन्यात मी एक सिनेमा अकरा वेळा बघितला आणि त्यातलं एक सोडून दुसरं दृश्य मला दिसलं नाही. कारण दिगंबरमामांनी मला त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात, तांदळाच्या डब्यावर बसवलं होतं. तिथून टीव्ही दिसत नाही, फ्रिज दिसतो.

हैदराबादला चिक्कडपल्लीत आमच्या वरच्या मजल्यावर हे मामा राहतात. सरकारी खात्यातून निवृत्त, वय बहात्तर. नात्यानं माझे कोणी नाहीत, पण अख्खी बिल्डिंग त्यांना मामा म्हणते आणि ते अख्ख्या बिल्डिंगला रागावतात. एकदा मामींना कीर्तन लावून देताना त्यांचं बोट रिमोटवर भलतीकडं पडलं आणि एक माहितीपट सुरू झाला. कुठल्याशा लांबच्या बेटाची क्रिकेट टीम. देश एवढासा, मैदान एकच, त्यावर सकाळी शेळ्या चरतात. कप्तान पाव भाजतो, विकेटकीपर पत्रं वाटतो, अकरावा गडी मासे धरतो. हे लोक मोठ्या स्पर्धेला जायला निघतात, पडत-धडपडत शेवटच्या सामन्यापर्यंत पोचतात आणि शेवटच्या चेंडूवर एका धावेनं हरतात. अकरावा गडी रनआउट.

दुसऱ्या दिवसापासून ती "आपली टीम" झाली. खेळाडूंची नावं जिभेवर बसेनात, म्हणून मामांनी सगळ्यांची बारशी उरकली. पाववाले, पोस्टमन, कोळीदादा.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण मामांचं ठाम मत, की आपली टीम हरते ती आपल्या बसण्यामुळं. मी आपली वाटीभर साखर मागायला गेले, डब्यावर जरा टेकले, आणि त्याच क्षणाला पाववाल्यांनी सिक्सर मारली. झालं! "उठू नक्को! जागा सोडू नक्को!" खाली माझं दूध उतू गेलं, गॅस विझला, आणि मी डब्यावर. माझा नवरा मला शोधत आला तर त्याला खिडकीशी उभं केलं, कारण तो बसला की विकेट पडते. समोरच्या तेलुगू लक्ष्मीगारू एकदा "अय्यो" म्हणाल्या आणि पोस्टमननी कॅच सोडला. तेव्हापासून त्या तोंडात रुमाल धरून बसतात. मामी लसूण सोलत असताना चार ओव्हर कोणी आउट झालं नव्हतं. त्यामुळं मामींनी पूर्ण सिनेमाभर लसूण सोलायचा. महिनाभर आम्ही बिल्डिंगवाले लसणाची चटणी खातोय.

"मामा," मी एकदा वैतागून म्हणलं, "मॅच कधीच होऊन गेलीय. शूटिंग आहे हे. आता काय बदलणार त्यात?"

"सत्यनारायणाला बसतीस ना? कलावतीनं प्रसाद खाल्ला आणि बुडालेली नाव वर आली. आली की नाही?"

"आली."

"अख्खी नाव वर येती आणि तू एका रनाचं काय घेऊन बसलीस? हौली आहेस काय, खुळी कुठली!"

मी फ्रिजकडं बघत बसले.

मॅच हरली की चौकशी. खात्यात मामांनी आयुष्यभर हेच केलेलं. "कोण हाललं?" सगळे एकमेकांकडं बघतात. एकदा माझ्या नवऱ्यानं नाक खाजवल्याचं कबूल केलं, तर आठवडाभर मामा त्याच्याशी बोलले नाहीत. चौकशी झाली की लगेच "चला, निघा सगळे!" सिनेमा पुढं चालू असायचा, चहा कपात असायचा, पण आम्हाला हाकलून दार लावून घ्यायचे. मी म्हणायची, काय माणूस आहे! राबवून घेतो आणि वर हाकलतो.

मग एका सोमवारी टीव्हीवर सूचना आली, की हा सिनेमा रविवारनंतर इथं दिसणार नाही. मामांचं जेवणावरचं लक्ष उडालं. एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागं त्यांनी आमच्या जागांचा नकाशा काढला, खोडला, परत काढला. जिन्यात भेटतील तिथं म्हणायचे, "एकदा तरी जिंकायला पाहिजेत गं ते. एकदाच."

रविवारी दुपारी चारला आम्ही आपापल्या जागी. कोणी हाललं नाही. दाराची बेल तीनदा वाजली, कोणी उठलं नाही. नवऱ्यानं शिंक आतल्या आत मारली, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. शेवटचा चेंडू आला आणि, खोटं कशाला सांगू, मीही त्या फ्रिजपुढं हात जोडले.

रनआउट.

"कोण हाललं" हे मामांनी विचारलंच नाही. "निघा," एवढंच म्हणाले. आम्ही निघालो.

खाली आल्यावर लक्षात आलं, मोबाइल वरच राहिला. परत गेले तर दार नुसतं लोटलेलं. आत टीव्ही चालू होता आणि या खेपेला मला तो दिसला. बेटावरचं लहानसं विमानतळ. टीम हरून परत आलेली. घ्यायला एक माणूस नाही. खेळाडू मान खाली घालून एकेक बाहेर येत होते आणि टीव्हीपुढं मामा उभे राहून टाळ्या वाजवत होते. "या पाववाले, या. दमलात. पोस्टमन, ती बॅग द्या इकडं." मामीही शेजारी उभ्या, टाळ्या वाजवत.

मला बघून मामा ओशाळले. मग पडद्याकडं बघतच म्हणाले, "मी दिल्लीला गेलतो, नोकरीच्या मुलाखतीला. तिथल्या तिथं नाही म्हणले. घरी तार केली, जमलं नाही, अमक्या गाडीनं येतो. सिकंदराबादला उतरलो तर कोणी नाही. म्हणलं, उशीर झाला असंल. दोन तास बसलो बाकावर. घरी गेलो तर वडील पेपर वाचायलते."

"काय म्हणाले?"

"काही नाही. पान उलटलं."

मला फार वाईट वाटलं. महिनाभर या माणसाला मी मनातल्या मनात किती बोलले होते! मी आत जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. सगळे बाहेर आले, पडद्यावरचं दार रिकामं झालं. मी हात खाली घेतले.

"थांब," मामा म्हणाले. "कोळीदादा यायचाय अजून. लाजून मागं राहतो तो."