न चाखलेल्या वाइनची चव

हॉटेलचा फ्रेंच वाइनतज्ज्ञ दुबईला जास्त पगारावर निघून गेला आणि त्याचं काम खंडूच्या टेबलावर येऊन पडलं. बहारीनची राजधानी मनामा, तिथल्या त्या हॉटेलात खंडू खरेदी विभागात क्लार्क होता. नव्या वाइनकार्डावर बारा वाइन होत्या आणि प्रत्येकीखाली चवीबद्दल इंग्रजीत दोन ओळी हव्या होत्या. खंडूची इंग्रजी पत्रं चांगली असतात, एवढ्यावर मॅनेजर फहादने त्याची निवड केली.

खंडूने सांगून पाहिलं की आपण बौद्ध आहोत, पंचशील पाळतो, पाचवं शील मद्याचंच आहे, आणि आपण आजवर बिअरसुद्धा चाखलेली नाही. फहादने शांतपणे ऐकून घेतलं. तो स्वतःही पीत नव्हता.

"मैं भी नहीं पीता, तुम भी नहीं पीते," तो म्हणाला. "लेकिन तुम लिख सकते हो. गुरुवार तक. खलास."

पुढच्या महिन्यात खंडूचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता आणि त्या कागदावर सही फहादची लागायची. खंडू बाटल्यांपाशी गेला. वास घेतल्याने शील मोडत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. चार बाटल्यांचा वास घेतल्यावर त्याचं डोकं दुखायला लागलं. उरलेल्या आठ त्याने लेबलं बघून लिहायच्या ठरवल्या.

हमद टाउनच्या घरी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बसून त्याने लिहायला घेतलं. एकीला त्याने जांभळाच्या झाडाखालच्या ओल्या मातीची आठवण जोडली. दुसरीत बायकोचं, सरिताचं, चिंचेचं सार आलं: आंबट आणि गोड शेजारी-शेजारी बसलेले, कुणी कुणाला ढकलत नाही, तोल अगदी नेमका. तिसरीवर मात्र तो रंगात आला. ती पहिल्या भेटीत लाजते, दुसऱ्या घोटाला मोकळी होते आणि गेल्यावरही बराच वेळ खोलीत राहते, असं त्याने लिहिलं.

सरिताने खांद्यावरून वाचलं.

"ही कोण?"

"वाइन आहे. फ्रान्सची."

"मला लग्नाच्या आधी एक चिठ्ठी लिहिलेली तुम्ही. त्यात बसची वेळ होती फक्त."

ती ताटं घ्यायला वळली.

कार्ड छापून आलं आणि कुणी वाचणार नाही हा त्याचा अंदाज साफ चुकला. पाहुणे त्या ओळी एकमेकांना वाचून दाखवू लागले, कार्डाचे फोटो काढू लागले. लाजणारी वाइन तर चार दिवसांत संपली. फहाद खूश झाला आणि खंडूला न विचारता त्याने एक कार्यक्रम जाहीर करून टाकला: 'खंडूसोबत एक संध्याकाळ'. पोस्टरवर खंडूचा आयडी कार्डावरचा फोटो होता. त्याला कुणीतरी कॉम्प्युटरवर एक हात आणि त्यात लाल वाइनचा ग्लास जोडला होता.

पोस्टर दुसऱ्या दिवशी रिफा गावात पोहोचलं. तिथे सुजीतच्या घरी दर शुक्रवारी बुद्धवंदनेला मंडळी जमत आणि पंचशील खंडू सांगत असे. सुजीतचा फोन आला. त्याने आवाज चढवला नाही, त्याचाच खंडूला जास्त त्रास झाला.

"खंडूभाऊ, या शुक्रवारी पंचशील दुसऱ्या कुणाला सांगू दे. पाचव्याला लोक तुमच्याकडे बघतील."

खंडूने सगळी हकीकत सांगितली. सुजीत म्हणाला, माझा विश्वास आहे, पण फोटोत ग्लास आहे. त्यानंतर त्याच मंडळींपैकी तिघांचे वेगवेगळे मेसेज आले. स्टाफच्या ओळखीवर वाइनला डिस्काउंट मिळतो का, असं तिघांनीही विचारलं होतं, आणि सुजीतला सांगू नका, असंही तिघांनी लिहिलं होतं. खंडूने फोन उशीखाली ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता हॉटेलच्या हॉलमध्ये तीस माणसं जमली. फहाद पहिल्या रांगेत बसला होता. वेटरने खंडूच्या हातात ग्लास दिला आणि सगळे तो कधी ओठाला लावतो याची वाट पाहू लागले. खंडूने व्हिसाचा विचार केला, सरिताचा केला, शुक्रवारचा केला. मग ग्लास टेबलावर ठेवला.

"मी आयुष्यात वाइन प्यायलेलो नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "हे मी वासावरून, लेबलांवरून आणि बायकोच्या हातच्या सारावरून लिहिलंय."

फहादने कपाळावर हात ठेवला. मग एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एक गोऱ्या बाई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या की अठरा वर्षं त्या मेजवान्यांमध्ये ग्लास फिरवून माना डोलावत आल्या आहेत, आणि त्यांना दर वेळी फक्त आंबट लागतं. त्यांचे पती चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. मागून एकाने सांगितलं की त्याला लाल आणि पांढरी वाइन डोळे मिटून ओळखता येत नाही. एकेक जण कबुली देऊ लागला. सगळ्यांना इतकं मोकळं वाटलं की त्या संध्याकाळी हॉटेलातली वाइन कमी पडली.

कुणीतरी काढलेला व्हिडिओ रात्रीतच रिफाला पोहोचला. शुक्रवारी सुजीतने पंचशील सांगायला खंडूलाच पुढे बसवलं. व्हिसाच्या कागदावर फहादची सही रविवारी झाली.

सहीच्या कागदाखाली आणखी एक कागद होता. हॉटेल आता चहाचं वेगळं कार्ड काढणार होतं.

"चाय तो पीते हो ना?" फहादने विचारलं.

खंडूचा जीव भांड्यात पडला. चाळीस वर्षं तो दिवसाला सहा कप चहा पीत आला होता. घरी येऊन त्याने सरिताला चहा ठेवायला सांगितला आणि कागद पुढे ओढला. एक घोट घेतला, विचार केला. दुसरा घेतला. कप संपला, दुसरा आला, तोही संपला. दोन दिवस असेच गेले. कागदावर एकच ओळ उतरली होती: 'चहा गरम असताना प्यावा.'

"आता काय लिहू गं?" तो वैतागून म्हणाला.

सरिताने त्याच्या कपातला एक घोट घेतला.

"साखर कमी आहे म्हणून लिहा," ती म्हणाली, आणि साखरेचा डबा काढायला उठली.