दंतोपंतांचं फंक आणि कमठेकाकांचं मत

एका जंगलात, बाळांनो, वाघ होता, ओढा होता आणि पहिल्या दहा गाण्यांचा फळाही होता. फळा लिहायची टिटवीबाई. तिचा नियम सोपा होता. गाणं चालू असताना ज्याचं बूड जमिनीवरून उठलं, त्याचं एक मत. नुसते डोळे मिटून सद्गदित होणारे मोजणीत नाहीत.

तिथल्या दंतोपंत नावाच्या रानडुकराला फंक या ठेकेबाज विलायती संगीताचं वेड लागलं. भोपळ्यावर वेली ताणून त्यानं बेस गिटार केली. पोकळ सागावर ठोकायला सुतारपक्षी धरून आणला. तीन महिने दोघं घासत होते.

"समेवर दणका दे. मग गप्प बस."

"गप्पच बसायचं तर मला कशाला बोलावलंत, पंत?"

"अरे, त्या गप्प बसण्यातच तर कंबर हलते!"

पण कुणाचीच हलेना. ससे जांभया देत. अस्वल बिनदिक्कत घोरायचं. दंतोपंताला ते फार लागायचं. आपल्या गाण्यावर एकानं तरी मनापासून नाचावं, एवढंच त्याला हवं होतं.

एका रविवारी नेहमीच्या वडाखाली चिखल झाला, म्हणून मैफल माळावर नेली. माळभर मुंगळ्यांची वारुळं. सुतारपक्षी म्हणजे मुंगळ्यांचा काळच. त्याचा पहिला दणका ऐकताच ते जीव घेऊन पळाले आणि दिसेल त्या केसाळ अंगात शिरले.

अस्वल तीन हात उडालं. ससे उडाले. हरणं गिरक्या घेत "आई गं! आई गं!" ओरडू लागली. गाण्याला शब्द नव्हते, तेही मिळाले. दंतोपंताचे डोळे भरून आले. टिटवीबाई रेघा मारून दमली. संध्याकाळी फळ्यावर पहिलं नाव लागलं: 'आई गं'.

"कोणती जागा आवडली?" दंतोपंतानं अस्वलाला विचारलं.

"जागा कसली? मुंगळे होते!" अस्वल पाठ खाजवत म्हणालं.

दंतोपंतानं दिवसभर कंद तोंडात घातला नाही. मग कमठेकाका आले. हे म्हातारं कासव मैफलीत उंच धोंड्यावर बसलं होतं. त्यांना एकही मुंगळा शिवला नव्हता.

"पंत, त्या मधल्या शांततेत मी नाचलो हो. नव्वद वर्षांत पहिल्यांदा. कवचाच्या आत नाचलो, म्हणून दिसलं नसेल."

दंतोपंत त्यांच्या पाया पडला. मग धावत टिटवीबाईकडे गेला.

"बूड उठलं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग मत बाद."

आता पहिला नंबर टिकवायचा होता. एकेक मत महत्त्वाचं होतं. पुढच्या रविवारी दंतोपंतानं तो धोंडा उतारावरून ढकलून दिला आणि कमठेकाकांना आदरानं पुढे नेलं.

"काका, तुमच्यासाठी ही खास जागा. बसा. जरा भुसभुशीत आहे."

तात्पर्य: खरा रसिक आयुष्यात एकदाच भेटतो. भेटला की त्याला आधी वारुळावर बसवावं. नाहीतर तो मोजला जात नाही.