वाऱ्यावर तपासलेलं नाव

तारकर्लीच्या किनाऱ्यावर एक म्हातारा रिकाम्या समुद्राला "विक्रमसिंहाऽऽ" अशी हाक मारताना दिसला, की परगावचा माणूस घाबरायचा. आम्ही नाही. आम्हाला एवढंच कळायचं, की वाडीत कुणाकडे तरी मुलगा झालाय आणि आमच्या शेजारच्या बाबल तांडेलांना त्याची खबर लागलीय.

बाबलकाकांनी उभी हयात गलबतावर काढलेली. "नाव आधी दर्यार तपासूक व्हया," ते म्हणत. "वाऱ्यात बुडला, तर ता नाव न्हय." आणि तपासायला त्यांना लागत ती फक्त राजांची नावं. बापाकडे एक फाटकं जाळं आणि पोराचं नाव विक्रमसिंह! संस्थानं विलीन झाली, राजे तनख्यावर बसले, पण आमच्या वाडीत झावळ्यांच्या छपराखाली महाराजांची पैदास चालूच. मी तेव्हा चळवळीची पत्रकं लिहायचे, छापून आणायचे, मालवणच्या बाजारात वाटायचे. माझं डोकं तडकायचं.

"काका, देशात प्रजेचं राज्य आलंय!"

"मगे बरांच झाला. ती नावां आता राजांच्या उपेगाची नाय. आपण घेवया."



अशात माझ्या वहिनीला मुलगा झाला. आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली होती. आईने फर्मान काढलं, "ह्येका धोंडू म्हणायचा. दगडाक कोण नेता?" मूल जगत नसलं की त्याला दगड, केर असलं काही म्हणायचं, म्हणजे यमाची नजर जात नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. यम काय जन्माची नोंद वाचायला येतो? वहिनी बोलत नव्हती. बाळाला छातीशी धरून नुसती बसून असायची.

पण बाळाच्या कानात नाव सांगायचं आत्याने, आणि आत्या मी! मी जाहीर केलं, धोंडू नाही आणि महाराजही नाही. श्रमजीवन.

"ह्या नाव काय टॉनिक?" आई म्हणाली.

काका इमानेइतबारे किनाऱ्यावर जाऊन आले. "बुडला गो बाय. 'श्र'तच बुडला."

मी भडकले. "मग धोंडूच ठेवू? ते तरी लांब ऐकू जातं!"

काका एकदम पायरीवर बसले. "जाता. माका म्हायत आसा."

मग ते समुद्राकडे बघत बोलले. "माजो पयलो झील गेलो, म्हणान दुसऱ्याक धोंडू म्हटलंय. गलबत खाडीत शिरला की मी हाक मारी, 'धोंडोऽऽ!' तो धक्क्यार धावत येय. एक फेरेक हाक मारलंय, तो इलो नाय. तापान गेल्लो. यमाक फसवूक गेलंय. तो फसलो नाय. झिलाक मात्र जल्मभर दगड म्हटलंय."

दाराआड वहिनी उभी होती.

"त्याला कुठलं नाव द्यायचं मनात होतं?" मी विचारलं.

"राजेंद्र."

एवढ्या वर्षांत हे एक नाव त्यांनी कुणाला सुचवलं नव्हतं. समुद्रालाही ऐकवलं नव्हतं.

बारशाला आई तोंड फिरवून बसली. मी पाळण्यात वाकले आणि राजांच्या राजाचं नाव बाळाच्या कानात सांगितलं. राजेशाहीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. आजही कुणाशीही भांडेन.

घुगऱ्या वाटताना काका कुठे दिसेनात. तेवढ्यात किनाऱ्यावरून हाक आली, "राजेंद्राऽऽ!" वारा उलटा होता, तरी माडांमधून ती थेट आमच्या दारापुढच्या खळ्यात पोचली.

वहिनी बाळाला उचलून खळ्याच्या टोकाला धावली. किती महिन्यांत तिचा आवाज असा मोकळा ऐकला नव्हता.

"इलो, काकानू! इलो!"